इंदूकाकीचं नाक

इंदूकाकीसमोर कोणी उजवा हात खिशात घालून उभं राहू नये. तिला लगेच संशय येतो. ‘‘हात दाखय,’’ ती म्हणते, आणि तुम्ही दाखवायच्या आत तिने तो मनगटाशी धरून नाकाजवळ नेलेला असतो. आधी अंगठा, मग पुढची तीन बोटं. करंगळीकडे ती बघत नाही. ‘‘करंगळी जेवना नाय,’’ असं तिचं मत आहे. मग डोळे बारीक करून, कुठेतरी लांब माडांकडे बघत ती कोणता मासा, कसं कालवण, याचा निकाल देते. ‘‘पेडव्यांचा तिखला. तिरफळां जास्ती पडली.’’

हात साबणाने धुतलेत म्हणून सुटलो, असंही कोणी समजू नये. ‘‘साबण कित्याक लावलंस?’’ हा तिचा पुढचा प्रश्न असतो, आणि त्याला अजून वाडीतल्या कोणालाही धड उत्तर देता आलेलं नाही. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण बाकीचे लोक बोलण्यापुरती वापरतात. आमच्या वाडीत ती रोज दुपारी घडते.

तिच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. रस्त्यावरून माझ्या घरी यायचं, तर वाट तिच्या खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, येते. मालवणात एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी एक वाजता शटर खाली ओढून मी मोटारसायकलने जेवायला येतो, आणि त्या वेळी ही बाई खळ्यात पाटावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असते. गेली वीस वर्षं ती एकच वेळ साधून तांदूळ निवडते आहे. एकटी उरल्यावरही या बाईला एवढे तांदूळ लागतात कशाला, हा संशय मला तेव्हाच यायला हवा होता. पण मला भलतेच संशय येत होते.

काकी आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. अंगाने काटकुळी, आणि एवढा दरारा असलेलं नाक म्हणाल तर नखाएवढं. नवरा, म्हणजे आमचे भाऊकाका, बारा वर्षांपूर्वी गेले. ते होते तेव्हा बिचारे म्हणायचे, ‘‘हिका माज्या तोंडापेक्षा माजो हात जास्ती ओळखीचो.’’ मुलगा राजू जहाजावर असतो. वर्षाकाठी दोन महिने घरी, बाकीचे दिवस समुद्रात. तो कधीमधी व्हिडिओ कॉल करतो. काकी फोन कानाला लावते, मग कोणीतरी तो समोर धरायला सांगतं, मग ती विचारते, ‘‘जेवलंस?’’

‘‘जेवलंय गे आये.’’

‘‘हात दाखय.’’

आणि तो सहा फुटी माणूस कुठल्या तरी देशाच्या बंदरातून मुकाट्याने कॅमेऱ्यासमोर पंजा धरतो. काकी पडद्याला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवते. ‘‘ह्या फोनाचा काय खरा नाय,’’ असं म्हणून ती तो बंद करते, आणि त्या दिवशी कोणाशी फारशी बोलत नाही.

या हुंगण्यामागे काय असावं, याबद्दल वाडीत मतं होती. माझ्या आईचं मत होतं, की काकी आमच्या मसाल्यावर टपलेली आहे. चैत्रात आमच्याकडे मिरच्या वाळत पडल्या, की आई गडग्याच्या बाजूला पाठ करून बसायची, आणि मसाल्यात धणे किती, बडीशेप किती, हे मोठ्याने बोलायची नाही. डंकावर मसाला कुटायला नेला, की पिशवी पदराखाली. आई गेली, पण तिने हा संशय माझ्या नावावर करून ठेवला. समोरच्या घरातल्या बायकांचं मत वेगळं. त्या म्हणत, कोणाच्या घरात काय शिजतं, कोण कोणाकडे जेवतं, याची सगळी बित्तंबातमी काकीला हवी असते. माझं स्वतःचं मत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं, आणि रोज एक वाजता ते पक्कं होत असे.

पण एक गोष्ट मला खटकायची. आमच्या वाडीतले आबा मास्तर, निवृत्त शिक्षक. त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे सोडल्याचं स्वतःच्या तोंडाने घरोघर सांगितलं. एकदा ते काकीकडे फणस मागायला आले, तेव्हा मी गडग्याशी उभा होतो. काकीने त्यांचा हात धरला, नाकाशी नेला. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मला स्वतःला पाच पावलांवर सुक्या बोंबलाचा वास येत होता.

‘‘बरा जेवलात मास्तरांनू,’’ एवढंच बोलून काकीने त्यांना फणस काढून दिला.

मी आठवडाभर वाट बघितली. बातमी कुठेच फुटली नाही. बातमी पसरवणाऱ्या माणसाचं एक समजतं. बातमी दाबून ठेवणारं माणूस मला जास्त धोक्याचं वाटतं. ही बाई मास्तरांचं हे प्रकरण कशासाठी साठवून ठेवते आहे, या विचाराने मला आणखीच अस्वस्थ व्हायला झालं.

दुसरं प्रकरण विजेचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाचं. नवीन माणूस, उन्हातून आलेला. काकीने विचारलं, ‘‘जेवलंस रे?’’ तो म्हणाला, ‘‘हो मावशी, जेवूनच निघालो.’’ काकीने त्याचा हात हुंगला आणि त्याला दंडाला धरून आत नेलं. अर्ध्या तासाने तो ढेकर देत बाहेर आला. तेव्हापासून आमच्या वाडीतली मीटरं बरोबर साडेबारा वाजता बघितली जातात. मी सुनीताला म्हटलं, बघ, बाईने वीजखात्यातसुद्धा आपला माणूस पेरला.

सुनीता म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, ‘‘तुमका माणसांची चांगली गोष्ट दिसलीच नाय काय कदी?’’

आता सुनीताचंच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं. ती माझ्याआधी कधी जेवत नाही. यात पतिव्रता वगैरे काही नाही, ते तिनेच मला सुनावलेलं आहे. तिला एकटीला घास उतरत नाही, एवढंच. जेवताना तिला बोलायला कोणीतरी समोर लागतं. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून समोर बसायला मी एकटाच उरलो. आणि मी काय करावं? दुकानात कोणी आलं, की त्याच्याबरोबर हॉटेलात बसावं, आणि तीन वाजता घरी येऊन सांगावं, ‘‘जेवून आलो.’’

त्या दिवशी मशीन दुरुस्त करणारा कुडाळहून आला होता. त्याच्याबरोबर मी शार्कची, आमच्या भाषेत मोरीची, आमटी हाणली. त्या आठवड्यातली ही तिसरी खेप. परत येताना काकीने हात धरला.

‘‘मोरी. हॉटेलातली,’’ ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, ‘‘सुनीतान आज सुंगटां केल्यान.’’

मी हात सोडवून घेतला. घरात टेबलावर दोन ताटं पालथी होती. मी म्हटलं, ‘‘अगं, जेवून आलो.’’ सुनीता उठली. एक ताट उचलून तिने फडताळात ठेवलं, दुसरंही ठेवलं, आणि सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, टोपावर झाकण घातलं. चार वाजता ती पिशवी घेऊन बाहेर आली. ‘‘बांद्याक जातंय,’’ ती म्हणाली. बांदा म्हणजे तिचं माहेर. ‘‘आता तुमी खंय जेवतास ता माका सांगू नकात.’’

माझा पहिला संशय अर्थातच काकीवर गेला. हॉटेलची चुगली हिनेच गडग्यावरून केली असणार. दुसरी काळजी अशी, की बायको भांडून माहेरी गेली हे आता वाडीला कळणार. आणि ते कळणार ते याच नाकातून. मला स्वयंपाकातलं चहापलीकडे काही येत नाही. हॉटेलात रोज जेवायला बसलो, तर मालवणात माझा भात संपायच्या आत बातमी घरापर्यंत पोचते. म्हणून मी वाडीत सांगून टाकलं, की सासूबाई घसरून पडल्या आहेत, सुनीता चार दिवस तिकडे आहे, जाताना सगळं करून ठेवून गेली आहे.

राहता राहिला हात. दुपारी घरी येताना काकीला मी टाळायला लागलो. ‘‘घाई आहे काकी,’’ असं म्हणून आत पळायचो. पण अडीचला दुकानात परत जाताना वाट तीच. पहिल्या दिवशी मी फ्रिजमधल्या सुंगटांच्या आमटीशी पाव खाल्ला होता. काकीने हुंगलं आणि म्हणाली, ‘‘सुंगटां. सुनीताच्या हातची.’’ पास.

दुसऱ्या दिवशी टोप रिकामा झाला. मी चार केळी खाल्ली, बिस्किटाचा पुडा संपवला आणि निघालो. दारातच लक्षात आलं, की हाताला केळ्याचा वास घेऊन या बाईसमोरून जाणं म्हणजे आपण होऊन चव्हाट्यावर उभं राहणं. मी परत स्वयंपाकघरात आलो. मसाल्याची बरणी उघडली, चिमूटभर मसाला पाण्यात कालवला आणि बोटांना नीट चोळला. पाच मिनिटं तसाच बसलो. मग हात नुसत्या पाण्याने धुतला. स्वतः हुंगून बघितला. उत्तम आमटी जेवल्याचा वास येत होता. मला स्वतःलाच भूक लागली.

काकीने हात हुंगला. जरा जास्त वेळ हुंगला. पण निकाल दिला नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी दुकानात गेलो तो अगदी विजयी मुद्रेने. आईचा मसाला, ज्याच्यावर ही बाई आयुष्यभर टपली होती, त्यानेच तिचं नाक कापलं, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

चौथ्या दिवशी मी मसाला लावायला निघालो, तोच काकी गडग्याशी येऊन उभी असलेली दिसली. मी हाताला घाईघाईने मसाला चोळला आणि बाहेर आलो. या वेळी ती ‘हात दाखय’ म्हणाली नाही. मीच हात पुढे केला. तिने तो धरला, पण नाकाशी नेला नाही.

‘‘दिन्या,’’ ती म्हणाली, ‘‘हात जेवलो. तू खंय जेवलंस?’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे काय काकी, घरात जेवलो की.’’

‘‘ह्यो बरणीतलो कच्चो मसालो. तो आमटीत पडूकच नाय. आज तिसरो दिस. तुज्या हाताक भाताचो वास नाय, खोबऱ्याचो नाय, सोलांचो नाय. नुसतो मसालो लावन कोण जेवता रे? चल.’’

तिने मला दंडाला धरून आत नेलं, मीटरवाल्याला नेलं तसंच. आयुष्यात त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. आईचा मज्जाव होता. मला वाटलं होतं, आत कुठे वह्या असतील, मसाल्याच्या बरण्या असतील, वाडीभरच्या घरांची काही नोंद असेल. एक ओटा, दोन बर्नरची शेगडी, खिडकीत राजूचा टोपी घातलेला फोटो, आणि कोपऱ्यात तांदळाचा डबा. शेगडीवर छोट्या टोपात बांगड्याची आमटी होती. काकीने ताट मांडलं, उकड्या तांदळाचा भात वाढला, बांगड्याचे दोन तुकडे घातले आणि वर गरम आमटी.

‘‘आणि तू?’’ मी विचारलं.

‘‘माजा झाला कदीच. तू जेव.’’

मी जेवायला लागलो. चार दिवसांनी पोटात गरम भात जात होता. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मी जास्त उपाशी होतो, आणि पोटापेक्षाही, कोणीतरी समोर बसून ‘भात घे’ म्हणण्याला उपाशी होतो. डोळ्यांत पाणी आलं ते मी आमटी तिखट आहे यावर ढकललं. काकीने तेही चालवून घेतलं.

‘‘हुंगतंय म्हणान लोक हसतत, माका म्हायत आसा,’’ ती म्हणाली. ‘‘मी सात वर्सांची आसतलंय. आमी पाच पोरां. पावसात दर्यो बंद झालो की बापूस लोकांचे गडगे बांदूक जायचो. सांजेक येवन सांगायचो, ‘थंयच जेवलंय रे, पोट तट्ट आसा. तुमी खावा.’ आमी खूश. आमच्या वाट्याक पेज जास्ती. एक दिस मी तेच्या मांडयेर बसलंय आणि उगीच तेचो हात हुंगलंय. मातयेचो वास इलो. दुसऱ्या दिसा हुंगलंय, मातयेचोच.’’

तिने सूप उगाच जवळ ओढलं.

‘‘मी कोणाक सांगूक नाय. सांगलंय असतंय तर तेका वायट वाटला असता. पण तेवापासना, जो कोण म्हणता जेवन इलंय, तेचो हात माका बघूक व्हयो. वास इलो की माजी काळजी मिटता. मगे तो मास्तर बोंबील खांव, नायतर आणि काय खांव.’’

माझा घास हातातच राहिला. माणूस चोरून कुठे जेवला, हे ही बाई शोधत नव्हती. तो खोटं बोलून कुठे उपाशी राहिला, ते शोधत होती. वीस वर्षं मी रोज तिच्यासमोर हात धरला आणि तिला बातमीदार समजलो. मला माझीच लाज वाटली, आणि आईचीही थोडी वाटली.

भात संपत आला, तसा मी आणखी थोडा मागितला. काकीने टोप खरवडला. खरवडल्याचा तो आवाज ऐकला आणि मी मान वर केली. टोप रिकामा होता. आमटीचाही. ओट्यावर दुसरं ताट नव्हतं, धुतलेलंही नव्हतं. घासायच्या भांड्यांत उष्टं काही नव्हतं.

‘‘काकी,’’ मी म्हटलं, ‘‘हात दाखय.’’

‘‘माजो?’’ ती हसली. पण हात पदराखाली गेला.

मी तो बाहेर काढला. हाडांवर नुसती कातडी. मी तो नाकाशी नेला. माझ्या नाकाला काय शिक्षण? पण कच्च्या माशाचा वास होता, किसलेल्या खोबऱ्याचा होता, तिरफळाचा होता. भाताचा नव्हता, शिजलेल्या आमटीचा नव्हता.

‘‘हात रांदून इलो,’’ मी म्हटलं. ‘‘तू खंय जेवलंस?’’

काकीने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, ‘‘एकट्यासाठी कोण रांदता रे? चायबरोबर कायतरी खातंय. पेज करतंय कदीतरी. आज तुज्यासाठी बांगडो हाडलंय.’’

बारा वर्षं. वाडीभरच्या लोकांची बोटं हुंगून झाली, मुलाचा हात हजारो मैलांवरून बघून झाला, आणि या बाईचा हात हुंगणारं घरात कोणी नव्हतं. तांदूळ ती निवडायची ते वाटेवरचा कोणी उपाशी निघाला तर असावेत म्हणून. तो निघाला नाही, तर टोप चढायचाच नाही.

बांगड्याच्या शेपटीकडच्या तुकड्याला मी अजून हात लावला नव्हता. मी दुसरं ताट काढलं, तो तुकडा त्यात ठेवला आणि डब्यातले दोन मुठी तांदूळ धुवायला घेतले. पाणी किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. काकीने बसल्या जागेवरून मला पाच चुका दाखवल्या आणि सहाव्या चुकीला उठून टोप माझ्या हातातून घेतला. भात झाल्यावर ती जेवली. मी समोर बसून राहिलो. त्या दिवशी दुकान साडेपाचला उघडलं.

निघताना ती म्हणाली, ‘‘फाल्यां बांद्याक जा. आणि उपाशी जा. स्टँडार वडे खाव नको.’’

दुसऱ्या दिवशी मी उपाशी गेलो. सासूबाई ठणठणीत होत्या. त्यांनी दारातच विचारलं, ‘‘जेवलात?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ आतून भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने सुनीता दोन ताटं घेऊन बाहेर आली. जेवण अर्धं झाल्यावर मी विचारलं, ‘‘मोरीचं तुला काकीनेच सांगितलं ना?’’

‘‘काकी कित्याक सांगतली?’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या शर्टाचो वास खोलीभर सुटलेलो.’’

आता मी एक वाजता येतो, तेव्हा काकी हात धरते, हुंगते, आणि त्यावर कशाचाच वास नसला, की समाधानाने सोडते. भुकेला माणूस घरी जेवायला निघालाय, एवढं तिला पुरतं. मग मी म्हणतो, ‘‘आता तुजो.’’

‘‘माज्यार संशय घेतंस?’’ ती कडाडते.

‘‘घेतंय,’’ मी म्हणतो.

काही दिवस ती ऐटीत हात पुढे करते, आणि त्याला चांगला आमटीभाताचा वास असतो. काही दिवस ती तो पदराखाली लपवते आणि आज उपास आहे, असं काहीतरी सांगते. कोणता उपास ते विचारलं, की तिला वार आठवत नाही. त्या दिवशी मी गडग्यावरून हाक मारतो, आणि सुनीता फडताळातून तिसरं ताट काढते.